आधी पस्तीस-पासष्ट: बेरजेचे गुणधर्म मुलाला कसे समजवावेत

प्रश्न: माझा मुलगा पाचवीत आहे. चाचणीत "४७ + ३८ = ३८ + ४७ हा बेरजेचा कोणता गुणधर्म?" असं विचारलं होतं, त्याने जागा कोरी सोडली. बेरजा मात्र सगळ्या बरोबर करतो, फक्त ९८ + ४७ असलं तरी उभी मांडणी करून, हातचा घेऊनच. संख्यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येतं हे तर उघड आहे. त्यात शिकवण्यासारखं काय आहे? आणि ही नावं पाठ करून घेऊ का?

उत्तर:

ताई, मी अठ्ठावीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं, आता शिक्षकांसाठी वर्ग घेते. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, आणि बहुतेक वेळा तक्रार खरी असते. गुणधर्माचं नाव विचारलं जातं, पण तो गुणधर्म वापरायची वेळ मुलावर कधी आणलीच जात नाही. तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट कोरी जागा नाही, ९८ + ४७ ही उभी मांडणी आहे. तिच्याबद्दल आधी लिहिते.

मंडईत भाजी घेताना मी मुद्दाम ऐकत उभी राहते. भेंडी ३५, टोमॅटो २८, वाटाणा ६५, कोथिंबीर १२. भाजीवाल्या मावशी पिशवी भरता भरता म्हणाल्या, "पस्तीस नि पासष्ट शंभर, अठ्ठावीस नि बारा चाळीस. एकशे चाळीस द्या." तुमचा मुलगा हेच चार आकडे एकाखाली एक लिहील, एकक स्थानी ५, ८, ५, २ मिळवून २० आणेल, दोन हातचे घेईल आणि १४० वर पोचेल. दोघंही बरोबर. पण मावशींनी आकडे ज्या क्रमाने आले त्या क्रमाने मिळवले नाहीत. कोण कुणाशी जुळतो ते आधी पाहिलं. ही मुभा त्यांना कुठून मिळाली? बेरजेच्या गुणधर्मांतून. ते नसते तर भाजी ज्या क्रमाने पिशवीत गेली त्याच क्रमाने हिशेब करावा लागला असता.

मावशींची ही बेरीज जरा सावकाश उलगडून बघू, कारण इथे दोन वेगळे गुणधर्म एकमेकांत मिसळून जातात, आणि पुस्तकातही मुलांचा घोटाळा नेमका इथेच होतो. सुरुवात आहे (३५ + २८) + ६५. कंस सरकवला: ३५ + (२८ + ६५). आता कंसातल्या दोघांची अदलाबदल: ३५ + (६५ + २८). पुन्हा कंस सरकवला: (३५ + ६५) + २८, म्हणजे १०० + २८. त्यात १२ मिळवायचे आहेत, तर (१०० + २८) + १२ ऐवजी १०० + (२८ + १२). झाले १४०. मोजून पाहा: संख्यांनी जागा बदलली ती एकदाच, कंस मात्र तीनदा सरकला.

जागा बदलते ती क्रमनिरपेक्षता. जागा तीच राहते, पण आधी कुणाची जोडी जमवायची ते बदलतं, ते साहचर्य. शब्द नीट ऐकले तर मराठीत ते स्वतःच अर्थ सांगतात. निरपेक्ष म्हणजे अपेक्षा नसलेला. बेरजेला क्रमाची अपेक्षा नाही. साहचर्यात सहचर आहे. मधल्या संख्येने डावीकडच्या सोबत्याबरोबर जायचं की उजवीकडच्या, एवढाच प्रश्न. एका वर्गात मी तीन मुलांना ओळीत उभं केलं होतं आणि मधल्या मुलाला म्हटलं, "आधी हिचा हात धर, मग त्याचा." नंतर उलट. कुणी जागा सोडली नाही, साखळी तीच झाली. त्या वर्गाला साहचर्य पुन्हा कधी समजवावं लागलं नाही.

आता तुमचं "हे तर उघड आहे". तुम्हाला उघड आहे, कारण तुम्ही ते लहानपणी शोधून काढलंत आणि शोधल्याचं विसरून गेलात. पहिलीत येणाऱ्या मुलाला ते उघड नसतं. ताटात एका बाजूला ३ चिंचोके आणि दुसऱ्या बाजूला ५ ठेवा, मोजून घ्या, आठ झाले की ताट नुसतं फिरवा आणि विचारा, "आता किती?" बरीच मुलं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. माझ्या वर्गातली एक मुलगी २ + ९ करताना दोनच्या पुढे नऊ बोटं मोजायची आणि दर वेळी मध्येच चुकायची. एक दिवस ती ९ म्हणाली, मग दोन बोटं उघडली, आणि माझ्याकडे धावत आली: "बाई, मोठ्यापासून मोजलं तर पटकन होतं!" तिला मी काही शिकवलं नव्हतं. मी फक्त एवढंच विचारलं, "आणि उत्तर बदलत नाही का?" ती विचारात पडली, चिंचोके घेऊन बसली, आणि चार-पाच जोड्या तपासून आली. क्रमनिरपेक्षता शिकायची ती अशी. नाव तिला चौथीत कळलं असेल.

नावं उशिरा येण्यात काही कमीपणा नाही. माणसं हजारो वर्षं बेरजा करत होती, पण क्रमनिरपेक्ष या अर्थाचा शब्द फ्रेंच गणिती सेर्व्हुआ यांनी वापरला तो १८१४ साली. साहचर्याचा शब्द आयरिश गणिती विल्यम रोवन हॅमिल्टन यांनी दिला, तोही त्यानंतरचा. त्यांना गरज का पडली ते पाहण्यासारखं आहे. १८४३ मध्ये त्यांना एका नव्या प्रकारच्या संख्या सापडल्या, ज्यांच्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं, कंस सरकवला तर मात्र बदलत नाही. म्हणून दोन्ही गुणधर्म वेगवेगळे ओळखावे लागले. कुठेतरी एखादा गुणधर्म नाहीसा होतो तेव्हाच त्याच्या असण्याकडे लक्ष जातं आणि नाव द्यावंसं वाटतं. मुलांचंही तसंच असतं. म्हणून मी हे गुणधर्म जिथे लागू पडत नाहीत अशी उदाहरणं आधी देते.

शब्द जोडण्याचं उदाहरण मुलांना फार आवडतं. 'राज' आणि 'कवी' जोडले तर राजकवी होतो, उलट जोडले तर कविराज. अर्थच बदलला, म्हणजे जोडणी क्रमनिरपेक्ष नाही. पण तीन शब्दांच्या पट्ट्या डिंकाने चिकटवायच्या असतील तर आधी पहिल्या दोन चिकटवा की शेवटच्या दोन, पट्टी तीच तयार होते. साहचर्य आहे, क्रमनिरपेक्षता नाही. याच्या उलटही होतं. सरासरी घ्या. २ आणि ४ यांची सरासरी ३, क्रम कसाही घ्या. पण त्या ३ ची ८ बरोबर सरासरी काढली तर साडेपाच येते, आणि आधी ४ व ८ यांची सरासरी ६ काढून मग २ बरोबर घेतली तर ४. क्रम बदलून चालतं, सोबती बदलून चालत नाही. बेरजेत दोन्ही चालतं. म्हणूनच मावशींना आकड्यांशी इतकं मोकळेपणाने वागता येतं.

वजाबाकीत दोन्ही चालत नाही, आणि इथे खरं नुकसान होतं. ५२ − २८ करताना कितीतरी मुलं ३६ लिहितात. दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन काढून ६, मग पाचातून दोन ३. आपण याला निष्काळजीपणा म्हणतो. पण तो निष्काळजीपणा नाही; बेरजेत मिळालेली मुभा मुलाने प्रामाणिकपणे वजाबाकीत वापरलेली असते. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की ती मुभा इथे मिळत नाही. पाचवी-सहावीत दुसरी चूक दिसते: ७३ − ४८ + २७ मध्ये ४८ आणि २७ शेजारी दिसतात, म्हणून त्यांची बेरीज ७५ करतात आणि मग अडकतात. इथे कंस सरकवायची परवानगी नाही. पण ऋण संख्या समजल्या की वाट निघते: "४८ वजा करणे" म्हणजे "ऋण ४८ मिळवणे". आता सगळी बेरीजच झाली, मुभा परत मिळाली. ऋण ४८ आपलं चिन्ह सोबत घेऊन कुठेही जाऊ शकतो. ७३ + २७ झाले १००, त्यातून ४८ गेले, राहिले ५२.

हातच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तुमचा मुलगा तो घेतो, पण तो काय आहे हे त्याला माहीत असेलच असं नाही. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या घ्या. ४७ म्हणजे ४ गठ्ठे ७ सुट्या, ३८ म्हणजे ३ गठ्ठे ८ सुट्या. त्याला म्हणा, एकत्र कर. तो गठ्ठे गठ्ठ्यांकडे सारील, सुट्या सुट्यांकडे. ते करताना त्याने (४० + ७) + (३० + ८) चं (४० + ३०) + (७ + ८) केलं. दोन्ही गुणधर्म हाताने वापरले. पंधरा सुट्या झाल्या, त्यांतल्या दहा रबराने बांधून गठ्ठ्यांत टाकल्या: ७० + (१० + ५) चं (७० + १०) + ५ झालं. तो बांधलेला गठ्ठा म्हणजे हातचा. उभ्या मांडणीत डोक्यावर लिहिलेला छोटा १ म्हणजे साहचर्य गुणधर्मच. हे एकदा दिसलं की उजवीकडूनच सुरुवात करायची सक्तीही उरत नाही. आधी दशक मिळवून सत्तर, मग पंधरा, पंच्याऐंशी, असं तोंडी करता येतं.

९८ + ४७ मध्ये तर मांडणीचीही गरज नाही. सत्तेचाळीसातले दोन अठ्ठ्याण्णवला देऊन टाका: १०० + ४५. इथे शून्याचा गुणधर्म गुपचूप येतो. शून्य मिळवलं तरी संख्या तीच राहते, म्हणून शून्याला बेरजेतला अविकारक म्हणतात. मुलांना हा गुणधर्म निरुपयोगी वाटतो: काहीच होत नसेल तर मिळवायचं कशाला? पण आपण एकीकडे २ मिळवले आणि दुसरीकडे २ काढले, म्हणजे एकूण शून्यच मिळवलं. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात हे नियम मांडले आहेत: धनात शून्य मिळवलं तर धन, ऋणात मिळवलं तर ऋण, आणि सारखंच धन व ऋण एकत्र आलं तर शून्य. शेवटचा नियम म्हणजे आजच्या पुस्तकातली बेरीज व्यस्त संख्या. धन म्हणजे जवळचा पैसा, ऋण म्हणजे कर्ज, हे मराठी मुलाला वेगळं समजवावं लागत नाही.

आपल्या भाषेत अशा युक्त्या आधीच ठेवलेल्या आहेत. एकोणतीस म्हणजे एक उणा तीस. २९ + १५ विचारलं तर तो शब्दच सांगतो की तिसात एक कमी आहे: पंधरातला एक उचला, तीस आणि चौदा, चव्वेचाळीस. पावणेतीन मीटर आणि सव्वादोन मीटर कापड मिळून पाच मीटर, हे शिंप्याला कागदावर मांडावं लागत नाही. एकात पाव कमी आहे, दुसऱ्यात पाव जास्त आहे. अंक न लिहिता मुलाला असे शब्द नुसते ऐकवा.

त्याच भाषेत एक खड्डाही आहे, तो माहीत असू द्या. "सत्तेचाळीस" ऐकताना सात आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र चार आधी लिहावे लागतात. सात आणि चाळीस काय, चाळीस आणि सात काय, बेरीज तीच, म्हणून भाषेला तसा क्रम परवडतो (जर्मनमध्येही असंच बोलतात). पण अंकांची जागा क्रमनिरपेक्ष नाही. म्हणून श्रुतलेखनात ४७ चे ७४ होतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असंही वाचन दिलं तेव्हा मोठा वाद झाला. गणिताच्या अभ्यासमंडळावर असलेल्या मंगला नारळीकर यांनी तेव्हा त्याची बाजू मांडली. मी स्वतः वर्गात दोन्ही वापरते. रूढ शब्द तर यायलाच हवेत, पण अडखळणाऱ्या मुलाला "चाळीस सात" म्हटल्यावर जे सुटकेचं हसू येतं ते मी पाहिलं आहे.

अंकांची अशी उलटापालट झाली तर फरक नेहमी नऊच्या पटीत येतो. ७४ − ४७ = २७. सात एककातून दशकात गेला की सात नव्वे त्रेसष्टाने वाढ होते, चार दशकातून एककात उतरला की चार नव्वे छत्तीसाने घट. जुन्या मुनीमांना हे पक्कं ठाऊक होतं: खतावणीत नऊने भाग जाणारा फरक आला की आधी अंक उलटे उतरले का ते बघायचं. नऊचा ताळा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंक मिळवून केलेली पडताळणी, मात्र ही चूक पकडत नाही. ४७ चे अंक मिळवले तर ११, पुन्हा मिळवले तर २. ७४ चेही तेच, कारण ४ + ७ आणि ७ + ४ एकच. चुकून ७४ उतरवून ७४ + ३८ = ११२ केलं तरी ताळा ४ येतो, आणि मूळच्या ८५ चाही ४. बेरीज क्रमनिरपेक्ष असल्याने इथे चूक लपून जाते. ती मूळ आकड्यांशी ताडूनच सापडते. मिळवताना झालेली चूक मात्र वेगळ्या ताळ्याने पकडता येते: स्तंभाची बेरीज वरून खाली केली असेल तर ती खालून वर करून तपासायची. हा ताळासुद्धा क्रमनिरपेक्षतेवरच उभा आहे, आणि तो का चालतो हे मुलाला विचारून बघा.

नैसर्गिक संख्यांची बेरीज नैसर्गिक संख्याच येते, हा राहिलेला गुणधर्म या वयात फार ताणू नका. सम अधिक सम नेहमी सम, पण विषम अधिक विषम कधीच विषम येत नाही, एवढं त्याला स्वतः शोधू द्या.

घरी काय करायचं? मी नावं पाठ करून घेणार नाही. दोन गोष्टी करीन. पहिली, "८ + ४ = □ + ५" असं लिहून द्या. तो चौकटीत १२ किंवा १७ लिहिण्याची शक्यता बरीच आहे, कारण बरोबरच्या चिन्हाचा अर्थ मुलं "आता उत्तर लिहा" असा घेतात. त्या चिन्हाला तराजू म्हणा, दोन्ही पारडी समान. ७ आला की विचारा, बेरीज न करता येईल का? पाच चारपेक्षा एकाने जास्त, म्हणून चौकटीतला आठपेक्षा एकाने कमी. हे जमलं तर तो ९८ + ४७ पुन्हा उभं मांडणार नाही. "३५ + ६५ = १०० + २८ = १२८" अशी साखळी लिहायची सवय असेल तर तीही याच तराजूने मोडते.

दुसरी, वाण्याचं बिल. चार-पाच आकडे असलेलं बिल त्याच्यापुढे ठेवा आणि बेरीज विचारू नका. विचारा, "आधी कुठल्या दोन घेशील?" तो जोडी दाखवील. मग विचारा, "त्यांना शेजारी आणताना कुणाला जागा बदलावी लागली? आणि कुणाचा नुसता सोबती बदलला?" आठवडाभराने त्या दोन उत्तरांना नावं सांगा. चाचणीतली कोरी जागा तेव्हा त्याला पुन्हा दाखवा. ४७ आणि ३८ यांनी तिथे काय केलं, जागा बदलली की सोबती, ते तोच तुम्हाला सांगेल.